अर्धलीच्या दोन शेळ्या

२७ फेब्रुवारी १९९५

काल आबांचं, माझ्या वडिलांचं, तेरावं झालं. आज सकाळी मांडववाला मांडव सोडून घेऊन गेला आणि अंगण एकदम मोठं दिसायला लागलं.

ही डायरी आबांची आहे. खताच्या दुकानातून त्यांना दरवर्षी एक यायची, वर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव, ‘बापूसाहेब’, छापलेलं. ते तिच्यात काही लिहायचे नाहीत. कपाटात अशा नऊ कोऱ्या डायऱ्या आहेत. ही जानेवारीत आली तेव्हा त्यांनी उघडून वास घेतला आणि ठेवून दिली. मला बोलायला फारसं जमत नाही, म्हणून लिहून पाहतो.

काल पंगतीत भावकीतले म्हस्कूतात्या शेजारच्याला सांगत होते, “नागेशला काय, आयतं ताट. आबानं एका शेळीवर एवढं उभं केलं. ह्याला त्या शेळीची लेंडी बी गोळा करावी लागली न्हाय.” मी बुंदी घेऊन त्यांच्या मागेच उभा होतो. तात्यांनी वळून पाहिलं आणि पत्रावळ पुढं सरकवली. मी वाढली.

तात्या खोटं बोलले नाहीत. आबाही शाळेच्या बक्षीस समारंभात दरवर्षी हेच सांगायचे. “मी एका शेळीवर उभा राहिलो. ज्याला करायचंय त्याला कोण अडवतंय?” मुलं टाळ्या वाजवायची. मीही वाजवायचो. मी बारामतीला बी.कॉम. झालो. बावीस एकर ऊस, ट्रॅक्टर, जीप, फोन, हे सगळं मी हात लावायच्या आधीपासून आहे.

वर्षश्राद्धाला आबांविषयी दोन शब्द मी बोलायचे, असं तात्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं.

४ मार्च

सुकन्याला सांगितलं की मी एक शेळी पाळणार आहे. आबांसारखी सुरुवात करायची, घरचा पैसा लावायचा नाही. वर्षश्राद्धापर्यंत स्वतःची एक शेळी झाली, तर त्या दिवशी मला तोंड उघडता येईल.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, “अहो, जीपमधनं आणणार का चालत?”

चालत गेलो.

दगडाबाई वर माळावर राहते. आता पासष्टीची असेल. ती शेळ्या अर्धलीनं देते. शेळी तिची, राखायची आपण, पिल्लं निम्मी तिची आणि निम्मी आपली. आबा तिला दर दिवाळीला लुगडं द्यायचे. लहानपणी ते नेऊन द्यायचं काम माझं असायचं. कशाबद्दल, ते मी कधी विचारलं नाही.

मी तिच्या दारात बसलो होतो तेवढ्यात जयवंता आली. ती आमच्या रानात खुरपायला असते. नवरा सहा वर्षांपूर्वी मुंबईला म्हणून गेला तो गेलाच. ती दारातूनच म्हणाली, “आजी, मला बी द्या एक.”

“तुला दोनदा न्हाय म्हटलंय. दिसभर तू त्यांच्या रानात. शेळी कोण राखणार, तुजा नवरा? त्यो हाय कुठं?”

“दादा म्हनत असतील तर त्यांच्याच बांधाला बांधीन.”

मी म्हटलं, बांध की.

दगडाबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “नाग्या म्हणतोय तर ने.”

एकाच वेताच्या दोन बहिणी मिळाल्या. मला तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. जयवंताला काळी. उतरताना जयवंता म्हणाली, “माजी सवताची एक शेळी झाली की दुसऱ्याच्या रानात जायाचं निम्मं करनार मी. आबा म्हनायचे ते खरं का न्हाय, बघूच आपुन दोगं.”

दोघांची सुरुवात अगदी सारखी झाली, याचं मला बरं वाटलं.

१९ मार्च

कृषी प्रदर्शनातल्या पुस्तिकेवरून खुराकाचा तक्ता तयार केला. सकाळी घास, दुपारी मका, संध्याकाळी पेंड. घास आपल्याच रानातला आहे आणि मका-पेंड गायींसाठी येतेच, त्यामुळे ते घरचा पैसा म्हणून धरलं नाही. शेळी गोठ्यात फरशीवर बांधतो. सुकन्या तिला मॅडम म्हणते. “मॅडमचा नाश्ता झाला का?” असं रोज विचारते. आईसुद्धा काल हसली. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

जयवंताची काळी बांधाला असते. मिळेल ते खाते. मी तिला तक्त्याची एक प्रत द्यायला निघालो होतो. सुकन्या म्हणाली, “राहू द्या.”

१६ जुलै

काळी व्याली. दोन पिल्लं, एक बोकड, एक पाट म्हणजे मादी. हिशेब केला तर ती मार्चमध्ये आणली तेव्हाच गाभण होती! माझी तशी नव्हती. मी माळावर जाऊन दगडाबाईला म्हटलं, “आजी, हे बरोबर नाही झालं. सुरुवात सारखी पाहिजे होती.”

 ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. का हसली ते सांगितलं नाही.

वाटणी जागच्या जागी झाली. धनिणीची पहिली निवड असते. तिनं बोकड घेतला. पाट जयवंताची. म्हणजे जयवंताची स्वतःची शेळी झालीसुद्धा. आबांचं खरं ठरतंय, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “आणि खुरपायला कोण येणार मग?”

२ ऑगस्ट

मॅडम अजून माजावर आली नाही. फोन केला. जनावरांचे डॉक्टर भिगवणहून घरी येऊन पाहून गेले. त्यांनी विचारलं, “शेळीच आहे ना ही?” फार चरबी झाली आहे, म्हणाले. खुराक बंद करा, चालवा.

संध्याकाळी फिरायला घेऊन निघालो. हायवेच्या कडेला आल्यावर मॅडम मधोमध बसली. इंदापूरची एस.टी. थांबली. कंडक्टर डोकं बाहेर काढून म्हणाला, “तिचं तिकीट काढायचंय का, साहेब?” मागच्या खिडकीत आमच्या शाळेचे दोन मास्तर होते. मी ओळख दाखवली नाही. त्यांनी दाखवली.

२८ सप्टेंबर

मला टायफॉईड झाला होता. बारा दिवस अंथरुणात. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावत होते. आई उशाशी, सुकन्या पायथ्याशी. आबांची खूप आठवण आली. तापात एकदा त्यांच्या वहाणा वाजल्यासारख्या वाटल्या. त्या अजून दाराशी तशाच आहेत, कुणी हलवत नाही.

आज उठून गोठ्यात गेलो. मॅडम चांगली सडपातळ झाली आहे, डोळ्यात तरतरी. मी बारा दिवस पाहिलं नाही तरी काही बिघडलं नाही. जनावर आपलं आपण सावरतं. ऑगस्टमध्ये खुराकाचा तक्ता बदलला होता, त्याचा हा परिणाम दिसतो.

५ नोव्हेंबर

गेल्या महिन्यात जयवंताही तापानं पडली. पंधरा दिवस. मी तिच्याकडं मोसंबी पाठवली होती. आज कामावर आली तेव्हा बांधाला एकटी काळी. पाट कुठं विचारलं, तर भिगवणच्या बाजारात विकली म्हणाली.

मी म्हटलं, “थोडा धीर धरायला पाहिजे होतास. अजून सहा महिन्यांत गाभण गेली असती. आबा नेहमी म्हणायचे, धीर पाहिजे.”

ती खुरपं दगडावर घासत होती. “पंदरा दिस राखायला कोन न्हाय. काळी शेजारनीच्या दावनीला व्हती, ती म्हनली दोन न्हाय संबाळनार. घरात पीठ न्हाय. तुमी मोसंबी दिली, ती ग्वाड व्हती.” आणि वाफ्यात शिरली.

दिवसभर वाईट वाटलं. इतकी चांगली सुरुवात होती तिची. काळी परत गाभण आहे, एवढंच बरं.

मॅडमही गाभण! डॉक्टरांनी आज हात लावून सांगितलं. तक्ता जपून ठेवला पाहिजे, दुसऱ्यांनाही उपयोगी पडेल.

१८ डिसेंबर

आज लिहायला जड जातंय, पण लिहितो.

तक्ता नीट कागदावर उतरवून काढत होतो. म्हस्कूतात्यांनी मागितला आहे. सुकन्या खांद्यावरून वाचत होती. ती हसायला लागली. मग माझ्याकडं पाहून थांबली.

“अहो, तुम्ही खरंच असं समजताय?”

“कसं?”

“तुम्ही तापात होता तेव्हा मॅडमला कोण नेत होतं? मला तुमच्याजवळनं हलता येत नव्हतं. जयवंता रोज काळीबरोबर तिला माळावर न्यायची. तिथं दगडाबाईच्या बोकडाकडं दाखवलीही तिनंच. बारा दिवस. तुम्हाला माहीत आहे असंच मी धरून चालले.”

मी म्हटलं, “मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाही.”

म्हणजे मी पडलो तेव्हा माझी शेळी तिनं राखली. ती पडली तेव्हा मी मोसंबी पाठवली. दोघांना एकच ताप. माझ्या गोठ्यातून तिचं घर दिसतं. तिची पाट या गोठ्यात पंधरा दिवस राहिली असती तर जागाही लागली नसती. मला सुचलंच नाही. मनात येऊन टाळलं असतं तर निदान स्वतःला नाव ठेवता आलं असतं.

तक्ता फाडला.

१९ डिसेंबर

पाट परत मिळते का ते पाहायला भिगवणला गेलो. व्यापारी म्हणाला, ती त्याच दिवशी बावड्याच्या गाडीत गेली. पुढं कुठं, ते त्याला माहीत नाही. तिथून सरळ जयवंताकडं गेलो. मॅडमला होईल त्यातला माझा वाटा तुझा, असं म्हटलं.

ती चुलीपुढून उठलीही नाही. “तुमचा वाटा किती, म्हाईत हाय का? एकच झालं तर निम्मं करडू. मला फुडचं देनार का मागचं?”

मला हसावं का कळेना. तीच हसली. मग म्हणाली, “मला दान नगं, दादा. मी तुमची बारा दिस राखली. तुमी माजी बारा दिस राखा. जानेवारीत कोऱ्हाळ्याला माज्या भावाच्या पोरीचं लगीन हाय. सा सालात म्हायेरी चार दिस सलग ऱ्हायले न्हाय मी. गड्याला लावायचं न्हाय पण. तुमी सवता.”

“मी स्वतः.”

“आन गोठ्यात न्हाय. माळावर. काळीला फरशी सोसत न्हाय.”

३ जानेवारी १९९६

नव्या वर्षाची डायरी आली. खताचा दुकानदार तेराव्याला जेवून गेला होता, तरी वर नाव ‘बापूसाहेब’च छापलं आहे.  उघडून वास घेतला. शाईचा येतो.

२१ जानेवारी

आजपासून बारा दिवस. दाराशी माझ्या चपला सापडल्या नाहीत, सुकन्यानं धुवायला टाकल्या होत्या. आबांच्या वहाणा घातल्या. आईनं पाहिलं आणि भाकरीचं फडकं हातात दिलं. वहाणा बरोबर बसल्या पायाला.

दोन्ही गाभण, दोन्हींना दोन दिशांना जायचं. म्हस्कूतात्या सायकलवरून उतरून बघत उभे राहिले.

“नागेश, बी.कॉम.ला हा बी विषय असतो काय रं?”

“नव्हता, तात्या. म्हणून आता करतोय.”

तात्यांना उत्तराची सवय नाही. माझ्याकडून तर नाहीच. सायकल ढकलत गेले.

दुपारी बाभळीखाली हे लिहीत होतो. पानाचा कोपरा मॅडमनं खाल्ला आहे.

२५ जानेवारी

सांगून खरं वाटणार नाही इतके पाय दुखतात. शेळी राखायची म्हणजे दुसरं काहीही करायचं नाही, हे मला माहीत नव्हतं. मागं रानात कांद्याचं पाणी चुकलं, ते गड्यानं पाहिलं. बँकेचं काम सुकन्यानं केलं. जयवंता हे खुरपता खुरपता करत होती.

खाली धरणाचं पाणी मागं हटलं आहे. काठावर रोहित पक्षी उतरलेत. माळावरून आमचा ऊस हिरवागार दिसतो आणि पायाखाली नुसती कुसळं. इतक्या वर्षांत मी इथून आमच्या रानाकडं कधी पाहिलं नव्हतं.

३० जानेवारी

काळी व्याली! दुपारी, माळावरच. मी एकटा. तिनं पाय झाडायला सुरुवात केली तसा मी घाबरलो आणि “आजी, आजी” ओरडत सुटलो. दगडाबाई काठी टेकत आली. “वरडतोस काय? व्याती ती हाय का तू?”

पहिली पाट सुखरूप आली. दुसरी अडली. दगडाबाईचे हात आता थरथरतात, म्हणून तिनं सांगितलं तसं मी केलं. पाय धरून, कळ येईल तेव्हाच ओढायचं, मध्ये थांबायचं. दुसरीही पाट निघाली. नाकातला चिकटा काढून फुंकर मारली तेव्हा शिंकली. मला रडू आलं. आबा गेल्यावर लोकांदेखत आलं नव्हतं, ते इथं आलं. दगडाबाई दुसरीकडं बघत बसली.

मग तिनं आपणहून सांगितलं.

“तुज्या बापाची शेळी कुनी राखली, ठावं हाय का? त्यो बारामतीला इंजान दुरुस्ती शिकाया गेला व्हता. तीन साल. शेळी आमच्या कळपात. मी नवी नवरी व्हते, माज्याच गळ्यात पडली ती. एकीच्या तीन सालात बारा-तेरा झाल्या. निम्म्या आमी ठेवल्या, निम्म्या इकून त्यानं पान्याचं इंजान घेतलं.”

“मग लुगडं कशाचं? वाटा तर घेतला होता तुम्ही.”

“घेतला की. फुकट कोन राखतंय? पर त्या तीन सालात लांडगं दोनदा पडलं कळपात. दोन्ही वक्ताला आमची गेली, त्याची ऱ्हायली. आता लांडग्याला कोन सांगतंय, ही ने आन ती नगं? नशीब. पर तुज्या बापानं नुसतं नशीब म्हनून सोडलं न्हाय. लुगडं द्यायचा.”

मी विचारलं, मग तिचं आमच्यासारखं का झालं नाही. तिनं काठीनं खाली दाखवलं. “तुमचं रान तितं, आमचं हितं. धरनाचं पानी आलं ते तुमच्या दारात. माळावर चढलं न्हाय.” सांगताना तिच्या आवाजात काही राग नव्हता. हवापाणी सांगावं तसं.

“आबा हे कधी बोलले नाहीत.”

“शाळंत न्हाय बोलायचा. मला बोलायचा. तू लुगडं टाकून पळायचास, मग सांजचा त्यो यायचा. हितंच बसायचा, तू बसलाईस तितं. च्या प्यायचा आन म्हनायचा, दगडे, लांडग्यानं माजी न्हेली असती तर मी आज तुज्या शेळ्या राखत असतो.”

३ फेब्रुवारी

आबांचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं झाल्यावर तात्यांनी मला उभं केलं. जयवंता कालच कोऱ्हाळ्याहून आली होती, बायकांत बसली होती. दगडाबाई पुढंच, आबांनी दिलेल्या शेवटच्या लुगड्यात.

मी म्हटलं, “आबा एका शेळीवर उभे राहिले, हे सगळ्यांना माहीत आहे. ती शेळी दोन वर्षं दगडाबाईंनी राखली, हे माहीत नाही.”

“तीन!” दगडाबाई ओरडली. “तीन साल! नीट सांग!”

“तीन वर्षं.”

“आन लांडगं?”

“दोनदा लांडगा आला.”

“आन द्वाड किती व्हती!”

सगळा मांडव हसला. हसू थांबल्यावर मी म्हटलं, “माझी शेळी जयवंताबाईंनी राखली. त्यांची पाट राखायची वेळ आली, तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. ती विकावी लागली. आबा असते तर त्यांच्या ध्यानात आलं असतं.” पुढचं ठरवलेलं सगळं विसरलो. बसलो.

तात्या हात पुसत जवळ आले. म्हणाले, “लहान झालं भाषण. पर आबाच्यापेक्षा खरं झालं.” मग हात पुढं करून, “तेवढा तो खुराकाचा तक्ता दे.”

६ फेब्रुवारी

काळीच्या पाटींची वाटणी झाली. एक दांडगी, एक बारीक, तीच अडलेली. जयवंताला बरं वाटावं म्हणून दगडाबाई बारीक घेईल असं मला वाटलं होतं. तिनं दोन्हींच्या पाठीवर हात फिरवून दांडगी उचलली. “मी काय सादू हाय?”

जयवंतानं बारीक छातीशी धरली. “ल्हान तर ल्हान. माजी हाय.” मग माझ्याकडं वळून, “दादा, सोमवारपासनं निम्मा दिस येनार मी. आईंना तुमीच सांगा.”

आईला सांगितलं. आई रागावली, मग संध्याकाळी जुनं पोतं काढून पाटीला अंथरायला म्हणून दिलं.

पुढच्या आठवड्यात वारसाच्या नोंदीसाठी मला इंदापूरला आणि तिथून पुण्याला जायचं आहे, चार दिवस लागतील. मॅडमचे दिवस भरलेत. घरी सुकन्या आहे, गडी आहे, फोन केला की डॉक्टर येतात. तरी मी संध्याकाळी आबांच्या वहाणा घालून जयवंताच्या दारात गेलो. ती पाटीला बोटानं दूध चाटवत होती. काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणून पाहिलं होतं.

“जयवंता, मी चार दिवस नाही. मॅडमकडं बघशील का?”

तिनं वर पाहिलं, मग वहाणांकडं पाहिलं.

“ह्या बारीला इचारलंत व्हय,” ती म्हणाली. “मग बघते.”